महिपालगडावरचा बंद जीपीएस
बाबांसोबत आपल्या बेळगावहून महिपालगडावर गेलो होतो. पायवाटेने देवरवाडीच्या वैजनाथाकडे उतरताना धुकं दाटलं, वाट दिसेना, त्यात बाबांचा गुडघा दुखायला लागला. मागच्या फेरीची वाट साठवलेला जीपीएस काढला, तर चालूच होईना. घाईत नवे सेल घातले, बटण दाबून धरलं (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा हाच उपाय!), स्क्रीन काळीच. बाबांनी झाकण उघडलं. स्प्रिंगवर पांढरा थर! वर्षभर आत राहिलेले अल्कलाइन सेल पाझरले होते. डब्यातली लिंबाची फोड चोळली, रुमालाने कोरडं केलं. चालू झाला! पण जागा कळायला चार उपग्रह हवेत आणि आकडा तीनवरच अडकला. तेवढ्यात खालून देवळाची घंटा ऐकू आली.

"चल, इकडून," बाबा म्हणाले.