सोळा खणांचा घोडा

आमच्या पिढीला व्याकरण छडीने आले. नातीच्या पिढीला ते काचेच्या पाटीवर बोट फिरवून येते. ही पाटी चुकले तर मारीत नाही; बरोबर आले तर टाळ्या मात्र वाजवते!

आमची सहा वर्षांची नात रेक्याविकला असते. शाळेत आइसलँडिक, घरात मराठी आणि कार्टूनांशी इंग्रजी, असा तिचा त्रिभाषा संसार. आईबापांचे आइसलँडिक दुकानात दूध मागण्यापुरते. तेव्हा घरची शिकवणी टॅब्लेटकडे.

भाषा मोठी तालेवार. घोडा म्हणजे 'हेस्तुर'. पण घोड्याविषयी बोलायचे तर 'हेस्त', घोड्यापासून दूर पळायचे तर 'हेस्ती' आणि घोड्याकडे जायचे तर 'हेस्त्स'. घोडा जागचा हलत नाही, शेपूट तेवढी बदलते! चार विभक्ती, दोन वचने, शिवाय शेवटी चिकटणारे उपपद, म्हणजे एका घोड्याचा सोळा खणांचा तक्ता. अडले तर 'बीन' नावाची रूपावली इंटरनेटवर फुकट पाहता येते. 'देवः देवौ देवाः' घोकलेल्या मला ती पाहून माहेरी आल्यासारखे वाटले. मुलांसाठी सार्वजनिक दूरचित्रवाणीचे 'क्राक्का-रूव्ह' आहे. तिथे परदेशी कार्टूनेही आइसलँडिक बोलतात.

हे लोक जेमतेम चार लाख, पण स्वाभिमान चाळीस कोटींचा. संगणकाला त्यांनी 'तोल्वा' शब्द घडवला. 'संख्या' आणि 'भविष्य सांगणारी बाई' यांची ही संधी! आपण 'दूरध्वनी' शब्द केला आणि फोनवरच बोलत राहिलो. पोरे यंत्रांशी इंग्रजीत बोलू लागली, तेव्हा तिथल्यांना भाषेची काळजी पडली. 2023 साली जीपीटी-4 ला आइसलँडिक शिकवायला त्यांची माणसे बसली. यंत्रालासुद्धा शिकवणी!

एवढे कौतुक चालले असता चिरंजीवांनी फोनवर बाँब टाकला. "बाबा, तिचा गोंधळ होतो. घरातले मराठी थोडे दिवस बंद करावे म्हणतो."

आमची ही एकदम गप्प झाली. ती गप्प होणे ही आमच्या घरात आणीबाणी समजतात. मराठी गेले तर नातीशी बोलायचे कशात? हिचे आइसलँडिक एका शब्दाचे: 'अम्मा'. तिकडे अम्मा म्हणजे आजी.

तेवढ्यात पडद्यावर नात आली. टॅब्लेटने 'दोन' शिकवले होते. पुरुष असले तर 'त्वेयर', बायका असल्या तर 'त्वायर' आणि नपुंसकलिंगी असले तर 'त्वो'. बापाने कपाळाला हात लावला. "इंग्रजीत नुसते टू! हे कसे लक्षात ठेवणार?"

"सोप्पं आहे, बाबा," कार्टी म्हणाली. "दोघे, दोघी, दोन!"

पाटीने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिला मराठी येत नव्हते. टाळ्या आम्ही वाजवल्या. चिरंजीवांनी मराठीबंदीचा ठराव न बोलता मागे घेतला. तीन लिंगे घरात आयती असलेल्या पोरीला तिकडची तीन लिंगे परकी वाटेनात, हे त्यालाही पटले असावे.

हल्ली रोज रात्री अम्मा फोनवर गोष्ट सांगते. परवा गोष्टीत घोडा आला. नातीने विचारले, "अम्मा, तो कुठे चाललाय? सांग ना, म्हणजे मला त्याची शेपूट लावता येईल!"