दारातली चिंच

आमच्या घराच्या मावळतीला आज्यानं लावलेली चिंच होती. बुंधा दोघांच्या कवेत मावत नव्हता. पुढं बुंध्यात ढोली पडली. कुऱ्हाडीची मागची बाजू मारली की पोकळ आवाज यायचा. पावसाळी वारं मावळतीकडनंच येतं, म्हणजे झाड पडलं तर घरावरच. त्याच खोलीत नातू झोपायचा. पाऊस लागला की माझा डोळा लागत नसे.

आई म्हणाली, "झाडानं काय वाकडं केलंय तुझं?" दोन दिवस बोलली नाही.

चिंच तोडायला सरकारी परवानगी लागते. अर्ज केला, पाहणी झाली, कागद मिळाला. चिंचा झोडून झाल्यावर चैतात शेजारच्या गावचे लाकूडतोडे मामा आले. झाडाभोवती फिरले, हात जोडले आणि आधी विचारलं, "तारंचं काय?" वायरमनला सांगून लाइट बंद करून घेतली.

मला वाटायचं, मोकळ्या अंगाला एका दिवसात पाडावं. मामा म्हणाले, "घट्ट झाड आसतं तर पाडलं आसतं. पडायच्या अंगाला खाच, मागनं करवत, आन् मधी चार बोटं लाकूड ठेवायचं. ती झाडाची बिजागरी. पोकळ झाडाला बिजागरी कुठली? त्ये कुठंबी जाईल. कड माणूस पेलंल एवढी हाय. फांदी फांदी उतरवू." चार दिवसांची मजुरी झाली.

मामा कमरेला दोर बांधून वर. फांदीचा दोर वरच्या बेचक्यातनं खाली यायचा, आंब्याच्या खोडाला वेढे देऊन आम्ही धरायचा. करवत आधी खालनं थोडी, मग वरनं. नाहीतर साल सोलत फांदी फाटते.

दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला घाम आला म्हणून मी दोर मनगटाला गुंडाळला. फांदी सुटली आणि मी फरफटत आंब्यावर आदळलो. वेढे होते म्हणून हात राहिला. मामा खाली आले. "सांगितलं व्हतं न्हवं? मूठ कवाबी सोडता आली पायजे." माझी दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत.

चौथ्या दिवशी बुंधा आडवा झाला. आत पाटीभर भुसा, कड जेमतेम चार बोटांची. आईनं त्यात हात घालून बघितला. काही बोलली नाही.

मिरगाला तिनं पदरातनं चिंचोके काढले. म्हणाली, "बांधावर लाव. घरापासनं लांब. तुझ्या नातवाला तोडाय लागू नये."