चिमणराव, वागळे आणि आम्ही

माणसाची पारख करण्याची माझी एक स्वतंत्र पद्धत आहे. पत्रिका, तळहात, हस्ताक्षर असल्या भानगडींत मी पडत नाही. मी सरळ विचारतो, "काय हो, 'ये जो है जिंदगी'तलं तुम्हांला कोण आवडायचं?"

१९८४ साली ही मालिका आली तेव्हा जे जाणते होते, त्यांना हा प्रश्न अजून पुरतो. "राकेश बेदी" म्हणणारा माणूस केव्हा ना केव्हा बहिणीच्या घरी मुक्काम ठोकून राहिलेला असतो. टिकू तलसानियाचं नाव घेऊन "ये क्या हो रहा है?" असं ओरडून दाखवणाऱ्याला ऑफिसात साहेबाने छळलेलं असतं. "स्वरूप संपत" असं उत्तर आलं, की गृहस्थांची बायको जवळपास नाही हे ओळखावं. आणि "सतीश शहा" म्हणणारा खरा रसिक. दर भागात हा माणूस नव्या सोंगात यायचा आणि आपण पहिली दोन मिनिटं "हा तोच ना?" करत घालवायचो. २०२५ साली तो गेला, तेव्हा एकाच दिवशी पन्नास ओळखीची माणसं गेल्यासारखं वाटलं.

पण हे सगळं पुढचं. आमची खरी मुंज लावली ती चिमणरावांनी.

१९७७ च्या सुमाराची गोष्ट. गिरगावातली आमची चाळ, आणि आख्ख्या मजल्यावर टीव्ही एकच, चौदा नंबरच्या काकूंकडे. लाकडी पेटीला सरकतं दार आणि दाराला कुलूप. काकू कमरेची किल्ली काढून ते उघडायच्या, तेव्हा गाभारा उघडल्यासारखे आम्ही सगळे गप्प व्हायचो. बाहेर चपलांचा ढीग. जाताना आपलीच चपल पायात येईल अशी खात्री कुणी देत नसे.

चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे. चि. वि. जोशी बडोद्यातले पालीचे पंडित. १९६३ सालीच गेले, म्हणजे आपली माणसं अशी हालताबोलताना त्यांना बघायला मिळाली नाहीत. त्यापूर्वी १९४० साली 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांचे चिमणराव येऊन गेले होते. आमच्या वडीलधाऱ्यांना त्यांचाच अभिमान. पण मी प्रभावळकरांच्या पक्षाचा. इतर विनोदी पात्रांना आपण विनोदी आहोत हे ठाऊक असतं. या चिमणरावांना त्याचा पत्ताच नव्हता. ते अतिशय गंभीरपणे, सभ्यपणे, नीट विचार करून खड्ड्यात पडत. घसा साफ करून काही ठणकावून सांगायची तयारी करायची आणि ऐन वेळी "म्हणजे तसं नव्हे" म्हणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसायचं. मग गुंड्याभाऊ मदतीला धावायचा आणि मूळच्या संकटाला संकट म्हणायची सोय राहायची नाही.

माझे वडील कारकून. बत्तीस वर्षांत एकदाही उशिरा न गेलेले. दुसऱ्याच्या घरी फुकट टीव्ही बघायला जाणं म्हणजे पायरी सोडणं, असं त्यांचं मत. एका संध्याकाळी पडद्यावर चिमणराव असाच घसा साफ करत होते आणि कोणीतरी मागून मला म्हणालं, "अरे, हे तर अगदी तुझे बाबा!" खोली फुटली. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो. हसत हसत वळलो, तर दारात बाबा. चौकटीला एक हात लावून उभे.

"जेवायला चल. वरण गार होतंय," एवढंच म्हणाले.

पानावर कोणी बोलेना. मी बावीस वर्षांचा घोडा, पण भातात मान घालून बसलो होतो. ताक वाढेपर्यंत शांतता. मग बाबा भाताकडे बघत म्हणाले, "काम चांगलं करतो तो." थोडं थांबून, "मग आपल्यात गुंड्याभाऊ कोण?"

"मी," आई म्हणाली आणि तिने ताक वाढलं.

पुढे त्या वारी, त्या वेळेला बाबांना शतपावलीची आठवण होऊ लागली. गॅलरीत फेऱ्या घालायचे. चौदा नंबरच्या खिडकीशी पावलं फार हळू पडायची. आत मात्र ते कधी आले नाहीत, आणि मीही "या" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

१९८८ साली 'वागळे की दुनिया' लागली, तेव्हा आम्ही उपनगरात आलो होतो. घरात रंगीत टीव्ही, आणि मीही एका कचेरीत कारकून. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा माणूस. दिग्दर्शक कुंदन शहा, 'जाने भी दो यारो'वाले. कलकत्त्यात जन्मलेला अंजन श्रीवास्तव मराठी कारकून असा झाला, की शेजारच्या इमारतीत राहत असावा. वागळे विदूषकी करत नाही. तो दुकानदाराशी तत्त्वासाठी भांडेल असं वाटतं आणि मग पैसे देऊन येतो. भारती आचरेकरांची राधिका तर त्याच्याही आधी ओळखून असायची, की हे पैसे देऊन येणार. आमची ही मात्र म्हणायची, "यात विनोदी काय आहे? हे तर आपल्याकडे रोज होतं."

एकदा वागळे असाच माघार घेत होता. माझी सात वर्षांची मुलगी एकदा पडद्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवून खिदळायची. माझे कान तापले. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बाबा होते. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "लागला तुझा नंबर." आणि हसले. असे हसले, की ठसका लागला. अकरा वर्षं जपून ठेवलेलं हसू होतं ते!

पाणी देताना मी म्हटलं, "बाबा, ते त्या दिवशी चौदा नंबरमध्ये..."

"नंतर," ते म्हणाले, "आधी बघू दे."

ते 'नंतर' राहूनच गेलं. दोन वर्षांनी बाबा गेले.

२०२१ साली वागळे पुन्हा आला. आता सुमीत राघवन मुलगा, आणि अंजन श्रीवास्तव-भारती आचरेकर आजी-आजोबा. मुलीच्या घरी आम्ही सगळे बसलो होतो. नव्या वागळेने फोनवर कुणाला तरी खडसावायचं ठरवलं आणि शेवटी "थँक यू" म्हणून ठेवून दिला. माझा नातू एकदा टीव्हीकडे बघू लागला, एकदा आईकडे. ती तडक उठली.

"कुकर बघते," म्हणाली.

"बस," मी म्हटलं, "अजून दोन शिट्ट्या व्हायच्यात."