पाइनचे सागवान

वाटणीत वडिलांचे लिहिण्याचे टेबल थोरल्या भावाकडे गेले. ते सागवानी होते, आणि मागून घेणे मला जमले नाही. पुढे त्याच मापाचे पाइनचे टेबल मी सुताराकडून करवून घेतले आणि ठरवले, की रंग आपण द्यायचा. तोही वडिलांच्या टेबलाचा, मधाळ तपकिरी. त्यासाठी हातात धरायचा विजेचा स्प्रेअर आणला.

फवारा मोठा सुखावणारा असतो. ब्रशचे ओरखडे नाहीत, बोळ्याचे वळ नाहीत. रंग जणू आपणहून लाकडावर येऊन बसतो. अर्धा तास समाधानात गेला. मग स्टेन वाळू लागला आणि टेबलावर ढग उतरले. कुठे काळपट डाग, कुठे फिकट पट्टे, गाठींभोवती गडद वर्तुळे. मी आणखी एक हात दिला. डाग अधिकच उठून दिसू लागले.

कारण नंतर उमगले. पाइनच्या प्रत्येक वर्षवलयात दोन तऱ्हांचे लाकूड असते. वसंतात भराभर वाढलेले फिकट, मऊ, सच्छिद्र. आणि त्यानंतर सावकाश वाढलेले गडद, घट्ट. पहिले स्टेन अधाशासारखे पिते, दुसरे जवळजवळ नाकारते. परिणामी मूळचे फिकट होते तेच गडद होते, आणि रेषा छायाचित्राच्या निगेटिव्हसारख्या उलटतात. स्प्रेअर रंग सर्वत्र सारखा देतो हे खरे. पण कोणी किती प्यायचा, हे लाकूड ठरवते. वाटणीच्या कागदावरही सारे समसमानच होते.

ओळखीचे एक वृद्ध पॉलिशवाले पाहून गेले. हात फिरवून म्हणाले, "साहेब, याला आधी थोडी लाख पाजा. तहान मोडली की मग रंग द्या."

पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या इवल्याशा कीटकाची ही देणगी. लिटरभर स्पिरिटमध्ये सुमारे 120 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवला. मेण तळाशी बसल्यावर वरची निवळ घेतली. टेबल पुन्हा उघडे होईपर्यंत घासले, लाखेचा पातळ हात दिला, तो वाळल्यावर 320 नंबरचा पॉलिशपेपर हलकेच फिरवला. मग रंग फवारला: वीतभर अंतरावरून, कडेच्या बाहेर सुरुवात करून, प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. वरून पारदर्शक लॅकर द्यायला मात्र पाऊस उघडेपर्यंत थांबावे लागले. दमट हवेत ते पांढरे पडते.

"आता सागवान वाटेल ना?" मी विचारले होते.

"चांगलं पाइन वाटेल," ते म्हणाले.

तसेच झाले आहे. रंग सारखा बसला आहे, गाठी मात्र लपलेल्या नाहीत. फळीच्या खालच्या अंगाचे जुने डाग मी घासले नाहीत. दिवाळीत भाऊ येणार आहे. रंगावरून नाही, तरी मापावरून तो टेबल ओळखेल. असो.