जोड

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, ते बँटमवेट गटात. तिथे वजनाला काटा असतो. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतल्या दंगलीत जोड लावायची ती नुसत्या नजरेने. एका पोळ्याला ते काम माझ्याकडे आले. माझ्याच वर्गातला एक बुटका पोरगा उंच, धिप्पाड गड्यापुढे उभा राहिला. मी त्याला दंडाला धरून बाजूला केले.

"गुरुजी, त्याचे पाय तर पाहा!" तो काकुळतीने म्हणाला.

मी पाहिले नाहीत.

पुढच्या दंगलीत त्याने त्याच गड्याला एकेरी पट काढून चीत केले. गडी ताठ उभा राही. बुटक्याच्या हाताला त्याचा पाय आयताच लागला.

तेव्हापासून प्रगतिपुस्तकात 'कच्चा' लिहिताना माझी लेखणी अडखळते. कच्चा खरा, पण कुणापुढे?