आपण कुठल्या नावाखाली सापडतो

मागच्या महिन्यात एक पोरगी विहारात आली. एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल छातीशी धरलेली. म्हणाली, "दादा, सर म्हणतात विषय बदल. यावर साहित्यच नाही."

विषय विचारला. भरवर्गात आडनाव सांगावं लागलं की आपल्या पोरापोरींच्या मनात काय होतं, आणि पुढं त्या तासाला ती कशी वागतात. साधा विषय. रोजचा. बालवाडीपासून आपण ज्यातून आलो तोच. आणि त्यावर म्हणे साहित्य नाही!

मला हसू आलं आणि मग हसू गेलं. कारण हेच वाक्य मला २००८ साली ऐकवलेलं होतं. तेव्हा मी ते खरं मानलं होतं.

युनिव्हर्सिटीचं नाव इथं घेत नाही. तुम्ही आपापल्या युनिव्हर्सिटीचं घाला, फारसं चुकणार नाही. मी एम.ए.ला होतो. ग्रंथालयाच्या काउंटरवर जर्नल विभागाचा फॉर्म भरून दिला. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म वाचला. आडनावावर थांबला. माझ्याकडं बघितलं. परत आडनाव बघितलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "जर्नल कशाला पाहिजेत तुम्हाला? तुमची बुक बँक खाली आहे ना. नोट्स, गाइडं, सगळं मिळतं तिथं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं. या माणसाला तर वाटत होतं की तो मदत करतोय. मागं रांगेत पाचसात जण उभे होते, त्यांतले दोन माझ्याच वर्गातले. मी भांडलो नाही. खाली गेलो, सही केली, गाइड घेऊन आलो. कार्यकर्ता म्हणवणारा, मोर्चात पुढं असणारा मी. दोन महिने त्या जिन्याकडं फिरकलो नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुन्हा वर नेलं ते एका शिपायानं. आपल्यातलाच होता. जयभीम घालायचा, पण हळू, इकडंतिकडं बघून. घोड्यावर चढून खंड पुसायचं काम त्याचं. इंग्रजी येत नव्हतं, पण कोणत्या रंगाची बांधणी कोणत्या विषयाची हे पाठ होतं. म्हणाला, "मनाची पुस्तकं का? हिरवी. वरच्या माळ्यावर. कुणी येत नाही तिथं."

ते होते 'सायकॉलॉजिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स'चे खंड. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९२७ पासून काढलेले. जगभर मानसशास्त्रात काय छापलं जातं त्याचे चार-पाच ओळींचे सारांश, आणि मागं सूची. म्हणजे त्यात लेख नसतो, लेखाचा पत्ता असतो. २००६ साली हे छापील खंड निघायचे बंद झाले. त्यानंतर सगळं संगणकावर, 'सायकइन्फो' या नावानं. आमच्याकडं मात्र खंड त्याच्याही खूप आधी थांबलेले होते. १९९१ साली रुपयाची किंमत पाडली, परदेशी नियतकालिकांची वर्गणी ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि आमच्या कपाटात जग तिथंच संपलं.

सूचीत 'दलित' शोधलं. नाही. 'आंबेडकर' शोधलं. अर्थातच नाही. मग 'कास्ट सिस्टिम' सापडलं. त्याच्या मागं मागं गेलो तर 'हरिजन' मुलं सापडली. 'डिसॲडव्हान्टेज्ड' मुलं सापडली. 'डिप्राइव्ड' सापडली. 'अनटचेबल्स' सापडले. च्यायला, ही सगळी आम्हीच की! साहित्य होतं. आम्ही ज्या नावानं स्वतःला ओळखतो त्या नावाखाली ते नव्हतं, इतकंच. वस्तीत नव्या माणसानं कागदावरच्या नावानं पत्ता विचारावा आणि सगळ्यांनी म्हणावं, असं कुणी इथं राहत नाही, तसं.

आणि काय होतं त्यात? आमच्या मुलांची बुद्धी किती, हे मोजलेलं. वरच्या जातींच्या मुलांशी तुलना केलेली. आमच्या घरात पुस्तकं नाहीत, बाप शिकलेला नाही, म्हणून आम्ही मागं. मोजपट्टी कायम आमच्याच डोक्याला लावलेली. जो आपल्या माठाला हात लावू देत नाही त्याच्या मनाचं माप घ्यावं असं त्या खंडांत फार थोड्यांना सुचलेलं दिसलं. चिडलो. पण चिडून तरी काय, आधी वाचावं तर लागणारच होतं.

त्या पोरीला मी पहिल्यांदा हेच सांगितलं. वाक्य टाइप करू नकोस. ग्रंथालयाच्या संगणकाला वाक्य कळत नाही, शब्द कळतात. विषयाचे दोन तुकडे कर. एका तुकड्यात आपण: कास्ट, दलित, शेड्यूल्ड कास्ट, हरिजन. 'हरिजन' टाइप करताना बोटं अडखळतात, माझीही अडखळतात, पण १९७५ चा लेख त्याच नावाखाली पडलाय. या सगळ्यांच्या मधे 'ऑर'. 'अनटचेब' एवढंच लिहून पुढं चांदणी लावली तर अनटचेबल, अनटचेबिलिटी सगळं एका जाळ्यात येतं. दुसऱ्या तुकड्यात मन: स्टिग्मा, सेल्फ-एस्टीम, सोशल आयडेंटिटी, स्टिरिओटाइप थ्रेट. दोन्ही तुकड्यांना कंस आणि मधे 'अँड'. हे सगळं इंग्रजीतच टाइप करायचं, काय करणार. मराठीतलं संशोधन शोधायचं तर 'शोधगंगा'वर जा. तिथं आपल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत, मराठीतलेसुद्धा, आणि फुकट आहेत. एक बरा लेख हाती लागला की त्याची शेवटची पानं बघ, त्यानं कुणाकुणाला वाचलं ते तिथं असतं. मग उलटीकडून बघ, त्याला पुढं कुणी वाचलं. एका लेखाचे वीस होतात.

हल्ली पोरं मोबाईलमधल्या यंत्राला विचारतात. ते धडाधड दहा लेखांची यादी देतं, नावगाव सालासकट. त्यातले काही लेख कधीकधी जगात नसतातच. मी दोनदा फसलो. आता प्रत्येक नाव ग्रंथालयात सापडल्याशिवाय वहीत लिहीत नाही.

मला माझा लेख कसा मिळाला ते सांगतो. शब्द बदलत बदलत २००९ साली एका दुपारी तो संगणकावर आला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन बायकांचा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधली सहावी-सातवीची पोरं. सहा-सहाचे गट, तीन वरच्या जातींचे, तीन चांभारांचे. कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायची, सुटेल त्याचे पैसे मिळणार. जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्हीकडची पोरं जवळपास सारखीच. दुसऱ्या गटांमध्ये मात्र खेळाआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, जात. कोडी तीच. पण इथं आपली पोरं घसरली.

मी तो लेख त्या दिवशी पुरा वाचला नाही. अर्ध्यावर उठून नळावर गेलो, तोंडावर पाणी मारलं. काउंटरवर माझ्यावर कोणता प्रयोग झाला होता ते मला कळलं होतं. मी भित्रा होतो म्हणून जिना उतरलो असं दोन वर्षं समजत होतो.

आता गंमत बघा. हा लेख मानसशास्त्राच्या नियतकालिकात नव्हताच. २००६ साली तो 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त, म्हणजे अर्थशास्त्रात छापला गेला. त्याआधी २००४ सालीच त्याच प्रयोगाचा लांब मसुदा जागतिक बँकेच्या कागदांत फुकट पडलेला होता. माझे सर मानसशास्त्राच्या कपाटापुढं उभं राहून म्हणत होते, साहित्य नाही. त्यांच्या परीनं खरंच बोलत होते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खोट्या अर्जांवर वेगवेगळी आडनावं टाकून खासगी कंपन्यांकडं पाठवले आणि बोलावणं कुणाला येतं ते मोजलं. तो लेखही २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. जातीचा लेख कुठल्या कपाटात असेल याचा भरवसा नाही. ड्यूईच्या आकड्यांत मानसशास्त्र १५० वर आणि जात ३०५ च्या पोटात. मधे अख्खं धर्माचं कपाट.

बाबासाहेबांचंच घ्या. ९ मे १९१६ ला कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' वाचला. मे १९१७ मध्ये तो छापून आला 'इंडियन अँटिक्वेरी'त, म्हणजे शिलालेख-ताम्रपटवाल्यांच्या नियतकालिकात. आणि आत काय आहे? गॅब्रिएल टार्डचा अनुकरणाचा सिद्धांत. वरचा करतो ते खालचा का करतो, बंद झालेलं दार बघून दुसराही आपलं दार का लावून घेतो. हे समाजाचं मानसशास्त्र नाही तर काय? पण मानसशास्त्राच्या किती पाठ्यपुस्तकांत तो लेख तुम्ही पाहिलात? १९१७ च्याच सप्टेंबरात बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. विद्वान लोक ज्याचा लेख वाचत होते त्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली टाकत होते, आणि पारशी धर्मशाळेतून त्याला हुसकावलं जात होतं.

"पण दादा, लेख गोळा करून होणार काय? मार्क?" पोरीनं विचारलं. रास्त प्रश्न आहे. आपल्यातले कितीतरी कार्यकर्तेही हेच विचारतात.

तिला मेमी फिप्स क्लार्कचं सांगितलं. काळी बाई. १९३९ साली हॉवर्ड विद्यापीठात तिनं काळ्या लहान मुलांना स्वतःची जाणीव कशी येते यावर एम.ए.चा प्रबंध केला. एम.ए.चा, लक्षात घ्या. त्यातूनच पुढं नवरा केनेथ क्लार्कबरोबर ते बाहुल्यांचे प्रयोग झाले. काळ्या मुलांपुढं गोरी आणि काळी बाहुली ठेवायची आणि विचारायचं, चांगली कुठली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाच्या ११ व्या तळटीपेत पहिलं नाव केनेथ क्लार्कच्या निबंधाचं आहे. पँथर हे नाव आपण १९७२ साली तिकडून आणलं. तळटीप आणायची राहिली.

एक मात्र तिला बजावलं. आपल्या बाजूचा लेख सापडला म्हणून डोळे मिटू नकोस. स्टील आणि ॲरन्सन यांचा १९९५ चा स्टिरिओटाइप थ्रेटचा लेख गाजला, पण नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तो परिणाम दरवेळी तसाच दिसला नाही. तेही लिहायचं. आपण लपवलं तर समोरचा शोधून काढणार आणि आपल्या तोंडावर मारणार.

खरी अडचण निराळीच निघाली. लेखांचे पत्ते मिळाले, लेख उघडेनात. मोबाईलवर दर लेखाला तीस-पस्तीस डॉलर मागतात. १ जानेवारी २०२५ पासून सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू केलं. तीन वर्षांना ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६३०० च्या वर संस्था. ऐकायला छान. पण यादी केंद्र आणि राज्यांच्या सरकारी संस्थांची. ही पोरगी शिकते विनाअनुदानित कॉलेजात, पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग. देश एक, वर्गणी एक, आणि ही उंबऱ्याबाहेर.

मग तिच्या प्राचार्यांचं पत्र घेऊन आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या संगणकावर तेच लेख बिनपैशाचे उघडले. ही साधी गोष्ट आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. वर्गणी आवाराच्या जाळ्यापुरती असते. घरी पैसे मागणारा लेख आवारात उघडतो. विद्यापीठात शिकत असाल तर घरून उघडायचं लॉगिनही मिळतं, पण मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही. दोन लेख तिथंही नव्हते. एकासाठी लेखिकेलाच ईमेल केला, तिसऱ्या दिवशी लेख आला आणि वर शुभेच्छा. दुसऱ्यासाठी ग्रंथपालबाईंनी 'डेलनेट'मधून मागणी घातली, त्याची वाट बघतोय. बाई सवर्ण आहेत, कामाला चोख आहेत, चहाही पाजला. हेही लिहिलंच पाहिजे.

काउंटरवर पोरीनं फॉर्म भरला. आडनावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होतो. तिनं काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण लिहायला तिला वेळ लागला नाही.

एकूण १७ लेख झालेत. सरांना यादी नेऊन दिली तर ते म्हणाले, "अरे वा, हे कुठं होतं?"

दर शनिवारी दुपारी तीननंतर मी विहारात असतो. येताना विषय एका कागदावर लिहून आणा, आपल्या भाषेत. इंग्रजी शब्द आपण तिथं बसून शोधू. ओळखपत्र आणि पेनड्राइव्ह विसरू नका.