तिवड्यापासून लांब

माघ सरत आला की आमच्या खळ्यावर ज्वारीची मळणी चाले. मधोमध तिवडा रोवलेला, त्याला दाव्याने एकाशेजारी एक बांधलेले चार बैल, खुरांखाली कणसांची करकर, आणि उन्हं कलली की भुसाच्या धुळीत तरंगणारा तो पिवळा, घशात खवखवणारा उजेड. तिवड्याजवळ म्हातारा बैल असे. तो जागच्या जागी वळल्यासारखा चाले. कडेला तरणा खोंड. फेरी सगळ्यांची एकच, पण त्याची वाट मोठी, त्याला जवळजवळ पळावंच लागे.

रात्री राखणीला आजोबा. त्यांची भाकरी घेऊन आजी आणि मी जायचो. कडब्याच्या उबेत पाठ टेकून ती आभाळातला एक न लुकलुकणारा, फिकट ठिपका दाखवायची. "त्यो बघ शनी. पाय अधू हाय त्याचा, हलत न्हाई लवकर." मला त्याची फार कीव यायची. एवढ्या मोठ्या काळोखात लंगडत चाललेला एकटा म्हातारा.

पुढे कळलं, आभाळाचं खळं उलटं आहे. तिथे दावं नाही, नुसती ओढ आहे, आणि अंतर दुप्पट झालं की ती चौथाईवर येते. सूर्याला खेटून असलेल्या बुधाला त्या ओढीत कोसळायचं नसेल तर सेकंदाला ४७ किलोमीटर धावावंच लागतं. त्याचं वर्ष ८८ दिवसांत संपतं. आपली पृथ्वी ३० किलोमीटरने चालते. शनीला तेवढी घाई कोण करणार? तो जेमतेम दहाने जातो. त्याची वाट आपल्यापेक्षा साडेनऊ पट लांब, चाल तिपटीने मंद. म्हणून एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं. बारा राशींत वाटली तर घरटी सुमारे अडीच, तीन घरांची साडेसाती. आजी ज्या भयापायी शनिवारी मारुतीला तेल घालायची, ते सगळं या एका भागाकारात मावतं.

शनी लंगडा नव्हता. लांब होता.

हा हिशोब केप्लरला १६१८ मध्ये सापडला. त्याच वर्षी त्याची तान्ही मुलगी गेली होती आणि आईवर चेटकीण असल्याचा आळ होता. अशा दिवसांत त्याने फेरीच्या काळाचा वर्ग आणि अंतराचा घन यांची सांगड घातली, आणि त्याला त्यात संगीत ऐकू आलं. मला तो नियम सूत्र म्हणून कधी आठवत नाही. आठवते ती कडब्याची ऊब, आणि दिवसभराच्या फेऱ्यांनंतर दावणीला सावकाश रवंथ करणारे बैल.

आता खळं नाही. मळणी यंत्रावर तासाभरात उरकते.

आजी ८८ वर्षं पुरी करून गेली. तेवढ्यात बुधाच्या ३६५ फेऱ्या झाल्या. शनीची तिसरी पुरी व्हायला अजून चार-पाच महिने होते.